माझे एकमेव पुस्तक

माझ्या हातून आयुष्यात एकच पुस्तक लिहून झाले. त्याला प्रस्तावना नाही, अर्पणपत्रिका नाही आणि टीकाकारांनी त्याची दखल घ्यावी असा संभवही नाही. लोक ते मधूनच उघडतात, हवे ते पान पाहतात आणि मिटतात. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा वाचक मला अवघा एक भेटला. त्याची हकीकत पुढे येईलच. पुस्तकाचे नाव ‘सूचिपत्र’, आणि विषय साखळी-करवतीच्या पट्ट्या.

विषय ऐकून तुम्ही हसला असाल तर मला राग नाही. दिवाळीचे दिवस, समोर चिवड्याची बशी, आणि हा गृहस्थ करवतीच्या गोष्टी सांगतो आहे! “फराळाच्या ताटात खिळे वाढू नका हो,” अशी ताकीद मला घरातूनच मिळाली आहे. पण ज्याचे आयुष्य खिळ्यांत गेले त्याने चकल्या आणाव्यात कोठून?

आमचे दुकान पुण्याच्या बुधवार पेठेत आहे. वडिलांनी ते पाण्याच्या पंपांच्या सुट्या भागांवर सुरू केले. पुढे फवारणीची यंत्रे आली, गवत कापायची यंत्रे आली, आणि त्यांच्या मागोमाग साखळी-करवत आली. वादळात रस्त्यावर झाड पडले की माणसे एक घरघरणारे यंत्र घेऊन येतात, ते तुम्ही पाहिलेच असेल. त्या यंत्रातून जिभेसारखे एक लांबट पोलादी पान बाहेर आलेले असते. तीच पट्टी. तिच्या कडेने एक खोबण असते, खोबणीतून साखळी पळते, आणि साखळीला दात असतात. पट्टी स्वतः काही कापत नाही. साखळीला वाट दाखवायची आणि तिच्याबरोबर झिजायचे, एवढेच तिचे काम. संसारात अशी माणसे असतात. नावे सांगत नाही.

आमची पेठ हीच मुळात एक गमतीदार सूची आहे. पुण्यातल्या कितीतरी पेठांना वारांची नावे आहेत, पण म्हणून बुधवारात मंगळवारी कोणी दुकान बंद ठेवत नाही. तपकीर गल्लीत जाऊन चिमूटभर तपकीर मागा, दुकानदार तुम्हाला विजेची माळ दाखवील. पासोड्या विठोबापाशी एके काळी पासोड्या विकत. आज तिथे थंडीने कुडकुडणाऱ्याने विठोबाचेच नाव घ्यावे. नाव एकीकडे आणि माल दुसरीकडे! तरीही पुणेकर चुकत नाही. कारण कोपऱ्यावर उभा असलेला कोणीतरी त्याला विचारतो, “काय पाहिजे तुम्हाला?” आणि बोट दाखवतो. ते बोट होते म्हणून पेठ चालली, हे मला साठी उलटेपर्यंत कळले नव्हते.

आमच्या दुकानातले ते बोट म्हणजे नाना. वडिलांच्या वेळेपासूनचे. मला त्यांनी चड्डीत पाहिलेले. एरवी मला ‘धाकटे मालक’ आणि ‘तुम्ही’ म्हणत, आणि रागावले की सरळ ‘अरे’वर येत. दुकानातली एकही पट्टी त्यांनी कधी आकड्याने लक्षात ठेवली नाही. गिऱ्हाईक आले की ते म्हणत, “जुनी आणलीय का?” आणलेली असली की ती हातात घेऊन खोबणीत अंगठ्याचे नख घालत, तिच्या मागच्या टोकाची खाच डोळ्यांसमोर धरत, मग माळ्यावर चढत आणि नेमकी तीच उतरवत. आणलेली नसली तर चार प्रश्न विचारत. यंत्र कोणते? झाड कसले? केवढे? चालवणार कोण? एखाद्याला वाटे, हा म्हातारा पट्टी विकतो आहे की मुलगी देतो आहे! पण नानांनी दिलेली पट्टी परत आलेली मला आठवत नाही.

मग २०२० साल आले. मार्चअखेर टाळेबंदी झाली आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ रोज उघडणारी आमची फळी मिटली. नाना आपल्या घरी, मी माझ्या घरी, आणि दोघांच्या मधोमध कुलूप. माझी पुतणी एका संगणकाच्या कंपनीत आहे. तीही घरीच बसून काम करी. एका संध्याकाळी ती म्हणाली, “काका, गिऱ्हाईक दुकानात येऊ शकत नाही, तर दुकान त्याच्या मोबाइलवर जाऊ द्या ना. मी मांडणी करून देते. तुम्ही फक्त मालाची यादी द्या.”

फक्त यादी! मी मोठ्या हौसेने बसलो. परवानगी काढून एकदा दुकान उघडले, पट्ट्या घरी आणल्या, पलंगावर पांढरी चादर अंथरून त्यांची छायाचित्रे काढली. कोणी त्यांना पट्टी म्हणते, कोणी पाते, कोणी ब्लेड, तर कारागीर बार म्हणतात. पुतणीने ही सारी नावे एकाखाली एक घालायला लावली. गिऱ्हाईक ज्या नावाने शोधील त्या नावाने वस्तू सापडली पाहिजे. मला एकदम शाळेतला अमरकोश आठवला. एका वस्तूची दहा नावे एका दमात सांगायची ती युक्ती इतक्या वर्षांनी आमच्या धंद्याच्या उपयोगी पडली. मग मी पट्ट्या लांबीप्रमाणे लावल्या. १२ इंची, १६, १८, २०, २२. प्रत्येकीपुढे किंमत. कसे सुटसुटीत! चार रात्रीत पुस्तक तयार.

फोनवर नानांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पण त्याला विचारणार कोण?”

“विचारायचंय काय नाना? तो बघेल आणि घेईल.”

“तो बघेल रे,” नाना म्हणाले. “पण त्याला काय बघायचं ते माहीत आहे का?”

त्यांनी ‘अरे’वर यावे इतके काही झाले आहे असे मला वाटले नाही. म्हातारपण, दुसरे काय, असे म्हणून मी फोन ठेवला.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. ताशी १०० ते ११० किलोमीटरचा वारा. नाव ‘निसर्ग’ आणि करणी ही! पुण्यातही त्या दिवशी झाडे पडली, पण श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांचे जे झाले ते पाहवत नव्हते. बापाने लावलेली, मुलाने जोपासलेली झाडे काही तासांत आडवी झाली. पुण्याचे आणि श्रीवर्धनचे नाते जुने. पेशवे बाळाजी विश्वनाथ तिथलेच. आणि आपल्या पूजेच्या पाटावरची सुपारी जर श्रीवर्धनी रोठा असेल, तर तिचेही माहेर तेच.

दोन दिवसांनी, ५ जूनला, वटपौर्णिमा होती. बाहेर पडायची सोय नाही म्हणून घरात पाटावर वडाचे चित्र मांडून पूजा चालली होती, आणि शेजारच्या खोलीत मी करवतीची पट्टी पुठ्ठ्यात बांधत होतो. आमच्या ऑनलाइन दुकानाची श्रीवर्धनकडची ती पहिलीच मागणी. मुंबईत असलेल्या मुलाने वडिलांच्या वाडीसाठी नोंदवलेली. १८ इंची पट्टी. मी १८ इंची पट्टी पाठवली. चुकले कोठे?

पंधरा-वीस दिवसांनी एक फोन आला. आवाज तुटत होता. गावात वीज नव्हती आणि बोलणारा गृहस्थ मोबाइलला आवाज मिळावा म्हणून टेकडीवर चढून आला होता. “पट्टी पोचली,” तो म्हणाला. “माल चांगला आहे हो. पण आमच्या साखळीचा नाही.”

पट्टी यंत्रावर नीट बसली होती. साखळी मात्र खोबणीत उतरत नव्हती. त्याच्याजवळ दोन कोऱ्या साखळ्या होत्या, त्यांची कडी ०.०५८ इंच जाडीची. मी पाठवलेल्या पट्टीची खोबण ०.०५० इंचाची. फरक किती? आठ हजारांश इंच. म्हणजे ०.२ मिलिमीटर. साध्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढा! तेवढ्या फटीत एका माणसाची सबंध वाडी अडकून पडली होती. वर पाऊस सुरू झाला होता. आडव्या पडलेल्या झाडांखाली विहिरीची वाट होती, गोठ्याची वाट होती, आणि पुढचे रोप लावायची जागा होती. मी क्षमा मागितली. तो म्हणाला, “अहो, आमच्या मुलालाही ठाऊक नव्हतं. तुमच्या पानावर लांबीच लिहिलीय ना!”

तो रागावला असता तर बरे झाले असते. त्याच दिवशी मी योग्य पट्टी पाठवली, पैसे घेतले नाहीत. पण टपालाचे आणखी आठ दिवस मी त्याला परत देऊ शकत नव्हतो. शेजारच्या वाडीतले यंत्र मागून आणून त्याने तेवढ्या दिवसांत विहिरीची वाट मोकळी केली, हे मला मागाहून समजले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांपुढे उगाच पुणे नगर वाचन मंदिर येत होते. १८४८ साली निघालेली ही आमच्या पेठेतली संस्था. वडील तिचे वर्गणीदार. मी लहानपणी त्यांच्याबरोबर जात असे आणि लाकडी खणांतल्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या चाळत बसे. एकच पुस्तक लेखकाच्या नावाने एका खणात, तर विषयाच्या नावाने दुसऱ्यात. मी वडिलांना विचारले होते, पुस्तक एक आणि चिठ्ठ्या दोन कशाला? ते म्हणाले होते, येणारा माणूस कोणत्या दाराने येईल ते आपल्याला ठाऊक नसते म्हणून. मद्रासच्या रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. ते मुळात गणिताचे प्राध्यापक. पण पाचांतला एकही नियम पुस्तके उंचीप्रमाणे लावा असे सांगत नाही. बहुतेक नियम वाचकाची काळजी वाहणारे आहेत. त्याला त्याचे पुस्तक मिळावे, त्याचा वेळ फुकट जाऊ नये. मी काय केले होते? पट्ट्या उंचीप्रमाणे लावल्या होत्या. माझ्या यादीत माझा माल होता. गिऱ्हाईक त्यात कोठेच नव्हते.

सकाळी उठून नानांना फोन केला. म्हटले, “नाना, विचारायचं काय ते सांगा. मी लिहून घेतो.”

नाना सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. ते काम पुढे तीन महिने चालले. चाळीस वर्षे ज्या दुकानाच्या गल्ल्यावर मी बसलो त्याच दुकानात मी पहिल्यांदा उमेदवारी केली असे म्हणा ना. पट्टीची लांबी म्हणजे सबंध पट्टीची लांबी नव्हे. यंत्राच्या तोंडापासून टोकापर्यंत बाहेर दिसते तेवढीच. घरी बसलेला माणूस पट्टी सोडवून सबंध मोजतो. मग त्याची १८ इंची पट्टी २० च्या वर भरते, आणि तो २० इंची मागवतो. साखळीच्या दोन कड्यांतले अंतर मोजायचे तर लागोपाठ तीन रिव्हेट धरायचे, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत मोजायचे आणि निम्मे करायचे. कोणाचे ०.३२५ इंच येते, कोणाचे तीन-अष्टमांश. आणि दातांचा घोटाळा तर विचारू नका. २२ इंची पट्टीची साखळी गिऱ्हाईक ‘४३ दातांची’ म्हणून मागते आणि कारखान्याच्या कागदावर ८६ असते. १८ इंचीला ३६ म्हणते, कागदावर ७२. दोघेही खरे! गिऱ्हाईक वरचे कापणारे दात मोजते आणि कारखाना खालच्या, खोबणीत बसणाऱ्या कड्या मोजतो. एकाच साखळीकडे एक वरून बघतो, एक खालून. नवरा-बायकोची निम्मी भांडणे या जातीची असतात.

दात मोजता मोजता मला त्या दातांची जन्मकथाही समजली. मुलांना सांगण्यासारखी आहे. जुन्या साखळ्यांचे दात साध्या करवतीसारखे असत, लवकर बोथट होत आणि भुशाने चोंदत. १९४६ साली अमेरिकेतल्या ऑरेगन प्रांतात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या सरपण फोडत होता. त्याला लाकडात बोटाएवढी एक अळी दिसली, भुंग्याच्या जातीतल्या किड्याची. ती लाकूड उभेही कोरी, आडवेही कोरी, आणि आपले जबडे डावी-उजवीकडे चालवी. त्याने ती न्याहाळली आणि तिच्या जबड्यासारखे दात पोलादात घडवले, एक डावा, एक उजवा. पुढच्याच वर्षी त्याने धंदा सुरू केला. आज जगभर फिरणाऱ्या साखळ्यांत तीच अळी धावते आहे. आपल्याकडे भुंग्याने कर्णाची मांडी पोखरली, त्यातून शाप निघाला. तिकडे भुंग्याने लाकूड पोखरले, त्यातून कारखाना निघाला. किडा तोच, पाहणाऱ्याची दृष्टी निराळी.

नानांचा पाचवा प्रश्न, चालवणार कोण, हा मात्र मला यादीत घालावासा वाटेना. गिऱ्हाईकाची चौकशी आपण कशाला करावी? नाना पुन्हा ‘अरे’वर आले. “अरे, पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर यंत्र उलटं फिरून चालवणाऱ्याच्या अंगावर येतं. लोक लांब पट्टी मागतात ऐटीसाठी. पोफळीला २२ इंच काय करायचीत? नवशिक्याच्या हातात लहान पट्टी द्यायची. विकत घेतो म्हणून काहीही द्यायचं होय?” मी मुकाट्याने प्रश्न घातला. त्यामुळे आमच्या ऑनलाइन दुकानात आता किंमत सर्वांत शेवटी येते. आधी प्रश्न येतात, मग चित्रे, त्यात खोबणीचे जवळून घेतलेले आणि शेजारी पट्टीवर मोजमापाची फूटपट्टी ठेवलेले, आणि मग माल. पुतणी म्हणाली, “काका, इतके प्रश्न विचारले तर निम्मे लोक पळून जातील.” मी म्हटले, “चुकीची पट्टी घेण्यापेक्षा पळून गेलेले बरे.” हे वाक्य माझे नव्हते, नानांचे होते. पण त्या वयात उसने वाक्यही शोभून दिसते.

१४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आले. देवळे उघडायला अजून दोन दिवस अवकाश होता, दगडूशेठच्या गणपतीला बाहेरूनच हात जोडायचे होते. पण आमची फळी उघडली होती. सूचिपत्राची एक छापील प्रत काढून मी ती पाटावर चोपडीच्या शेजारी ठेवली आणि तिलाही हळद-कुंकू वाहिले. नाना आले होते. तोंडावर फडके, हातात काठी. पूजा झाल्यावर त्यांनी ती प्रत उचलली, चष्मा लावला आणि खुर्चीवर बसून पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. एक तास गेला. फराळ तसाच राहिला. माझ्या पुस्तकाचा सबंध वाचणारा तो एकमेव वाचक. परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी तसा मी उभा.

शेवटचे पान मिटून ते म्हणाले, “चांगलं झालंय. एक राहिलं.”

“काय राहिलं?”

“झाड उभं आहे की पडलेलं, ते विचारलं नाहीस.”

मी म्हटले, पट्टीला त्याने काय फरक पडतो? ते म्हणाले, “पडलेल्या झाडात ताण असतो. कापताना फांदी उसळते नाही तर पट्टी आवळून धरते. ते चालवणाऱ्याला सांगायला हवं. आणि उभं असलं, तर शहरात ते पाडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. तेही सांगायला हवं.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि कायदा राहू दे. उभं की पडलेलं असं कोणी विचारलं, की माणूस एकदा वर बघतो. मी दुकानात हे शेवटी विचारायचो. दोन-चार जण पट्टी न घेताच परत गेलेत. तुझ्या वडिलांना माहीत होतं ते.”

धंदा करणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटावे? मला क्षणभर वडिलांच्या जमाखर्चाची काळजी वाटली, आणि मग वडिलांचा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न मी सूचिपत्रात घातला. अगदी शेवटी, नानांच्या जागी.

नाना आता दुकानात येत नाहीत. जिने चढवत नाहीत. माळ्यावर आकड्यांच्या चिठ्ठ्या लागल्या आहेत आणि दुकानातला नवा मुलगा मोबाइलमध्ये पाहून माल उतरवतो. पण तो जे प्रश्न वाचतो, ते नानांच्या शब्दांत आहेत. परगावच्या एखाद्या शेतकऱ्याला रात्री अकरा वाजता, दुकानाला कुलूप असताना, नाना विचारत असतात, “जुनी आणलीय का? झाड कसलं? चालवणार कोण?”

मध्यंतरी श्रीवर्धनच्या त्या गृहस्थांची पुन्हा मागणी आली. साखळीची धार काढायच्या कानशी हव्या होत्या. सारे रकाने त्यांनी नीट भरले होते, लांबी, अंतर, जाडी, एकही चूक नव्हती. शेवटचा रकाना, ‘झाड उभे की पडलेले?’ कानशीला त्याचे उत्तर देण्याचे कारण नव्हते. तरी त्यांनी लिहिले होते : “नवे लावलेले. पोफळी आहे. तुमच्या पट्टीचे इथे अजून पुष्कळ वर्षे काम पडू नये अशी इच्छा आहे. दिवाळीला या.”

मी ते नानांना फोनवर वाचून दाखवले. ते हसले आणि म्हणाले, “कानशी कोणत्या मापाच्या दिल्यात, धाकटे मालक? बघून दिल्यात ना?”